खोलीखालची जमीन

...तर काल आपण त्या काठीपाशी थांबलो होतो. साधी काठी नव्हे हं ती! आमच्या इस्पितळाचा नळवाला तिचं एक टोक जमिनीवर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "इथून पाणी चाललंय." खणलं की नळ हजर! मी त्याच इस्पितळात सुतार. तीस वर्षांत त्याचा कान चुकलेला मी पाहिला नाही.

माणसांशी मात्र बोलणं तोलूनमापून. बायको तिथल्याच तीन नंबरच्या वॉर्डात वारली, मुलगी लग्न करून परदेशी. पंपघराला टेकून पत्र्याची खोली. आत खाट, स्टोव्ह आणि दोन कप. मी एकदा विचारलं, "दुसरा कुणाला रे?"

"पहिला फुटला तर."

मी खो खो हसलो. तो हसला नाही.

मग इस्पितळ वाढवायचं ठरलं. जुनी दगडी इमारत एकही पाडायची नाही, मधल्या मोकळ्या जागांत नव्या उंच इमारती बसवायच्या. पण जमिनीखालच्या नळांचे नकाशे वाळवीने कधीच फस्त केलेले! आर्किटेक्ट बाई आली, बूट चिखलाने माखलेले. म्हणाली, "काका, आता तुम्हीच माझा नकाशा."

आठ दिवस तो काठी घेऊन पुढे, बाई मागे, चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन मी. नळ असेल तिथे पांढरी रेघ, आणि रेघ असेल तिथे पाया खणायचा नाही. दुपारी त्याच्या खोलीत चहा. त्या दुसऱ्या कपाला इतक्या वर्षांनी चहा लागला!

"मला बाई काय म्हणता? तुमच्या मुलीएवढी आहे मी."

"साहेबाला पोरी म्हटलं तर नोकरी जाईल माझी," तो म्हणाला. गडी चक्क हसला.

नवव्या दिवशी पंपघराशी पोचलो आणि बाईचा चेहरा उतरला. "काका, एक्स-रेची इमारत इथे येतेय. पंपघर जुनं, ते राहील. तुमची खोली मागाहून जोडलेली, ती जुन्यात धरत नाहीत. खालून मोठा नळ जात असेल तरच मला इमारत सरकवता येईल."

मी त्याला कोपराने ढोसलं. "अरे शहाण्या, आहे म्हण! तुझ्या कानावर कोण शंका घेतंय?"

तो खोलीत शिरला. खाट आणि स्टोव्हच्या मधे काठी टेकवून त्याने कान लावला. मी दारात मूठभर फक्की घेऊन तयार. किती वेळ गेला कोण जाणे, तो हलेचना.

"काय ऐकू येतंय, काका?" बाईने हळूच विचारलं.

त्याने काठी भिंतीला लावून ठेवली.

"काही नाही. खणा बिनघोर. आता एक रेघ तू ओढ, पोरी, माझी खाट कुठे लावायची ती."