त्यांच्या नावाची सव्वा मूठ

आषाढात माझा नवरा तुरुंगात गेला, आणि तुरुंगातल्या माणसाला भेटायला जाताना हातात काय न्यायचं असतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं. दवाखान्यात जाताना नारळपाणी न्यावं, लेकीकडे जाताना लाडू न्यावेत, एवढं कळतं. तुरुंगाचं कोण शिकवतं? आमच्या सात पिढ्यांत कोणी तिथली पायरी चढलं नव्हतं.

आम्ही मूळचे धुळ्याकडचे. लग्न झाल्यावर हे सिल्वासाला कारखान्यात लागले आणि तिथल्याच टोकरखाड्यात आमचं बिऱ्हाड झालं. लेक इथेच वाढली, लग्न होऊन नाशिकला गेली. हे चढत चढत शिफ्टचे सुपरवायझर झाले. आणि यांच्याच शिफ्टमध्ये एक तरुण ऑपरेटर मशीनमध्ये सापडला. दवाखान्यात नेईपर्यंत होता, मग गेला. मशीनची जाळी काढून काम चालू होतं म्हणे. ती कोणी काढायला सांगितली, यांनी की वरच्या साहेबांनी? वकील एक सांगायचे, कारखान्यातली माणसं दुसरंच. यांना विचारावं तर पोलीस यांना घेऊन गेलेले. पोलीस कोठडी संपली की घरी येतील असं मी धरून चालले होते, तर वकील म्हणाले, "वहिनी, आता न्यायालयीन कोठडी. जामीन होईपर्यंत जेलमध्येच." मी मान हलवली. कशाला हलवली ते माझं मलाच कळलं नाही. वकिलांच्या ऑफिसातून बाहेर आले आणि चप्पल कुठे काढली होती तेच आठवेना.

जेलच्या फाटकावर एकेक नियम कळत गेला. मंगळवारी मुलाकात. आधार कार्ड दाखवायचं, आपलं नाव आणि नातं सांगायचं, मग आत निरोप जातो. कपडे चालतात, पण नाडीचे चालत नाहीत. भेट होते ती काचेआडून, फोनवर बोलून, वेळ संपली की फोन आपोआप बंद. हे सगळं मी समजून घेतलं, घरी आरशासमोर उभी राहून थोडक्यात काय बोलायचं याची तयारीसुद्धा केली. फक्त एक नियम माझ्या ध्यानात आला नव्हता. आतल्या माणसाने भेटायला यायचं की नाही, हे त्याचं त्याने ठरवायचं असतं. कोणी त्याला ओढून आणत नाही.

आणि हे आलेच नाहीत. पहिल्या मंगळवारी फाटकावरची शिपाईबाई म्हणाली, "मना करते हैं, बेन." मला वाटलं, दुसऱ्याच कोणाला तरी विचारलं असेल. पुन्हा विचारायला लावलं. तेच उत्तर. पुढच्या मंगळवारी तेच, त्याच्या पुढच्या मंगळवारीही तेच. कोर्टाची तारीखसुद्धा आता व्हिडिओवर होते, त्यामुळे तिथेही तोंड दिसलं नाही. मला काही म्हणजे काही कळेनासं झालं. आजारी आहेत का? मारलंबिरलं असेल का कोणी? की खरंच यांनीच जाळी काढायला सांगितली आणि आता माझ्याकडे बघवत नाही? घरी येऊन मी भिंतीवरच्या यांच्या शर्टाशी भांडायचे. "एवढा कसला तोरा? मी काय पोलीस आहे?" शर्ट काय बोलणार! शेवटी मीच तो धुवायला टाकायचे, आणि वाळला की पुन्हा तिथेच अडकवायचे.

अशात कानबाई आली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, कानबाई ही आम्हा खानदेशी माणसांची देवी. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी येते. नारळाला डोळे, नथ, डोरलं घालून चौरंगावर बसवतात आणि सोमवारी नदीवर पोचवतात. तिचा प्रसाद म्हणजे रोट. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा सव्वा मूठ धान्य काढायचं, ते दळून त्याचे रोट करायचे. आणि हे रोट फक्त घरच्यांनी खायचे. परक्याला द्यायचे नाहीत. आमच्याकडे तर लग्न झालेल्या लेकीलाही चालत नाहीत, ती दुसऱ्या घरची झाली. तुकडा वाया घालवायचा नाही, पौर्णिमेच्या आत संपवायचे. या बाबतीत कानबाई फार कडक, असं लहानपणापासून ऐकलेलं.

गावाहून सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "पोरी, या वर्षी राहू दे. जो पंगतीला बसणार नाही त्याची मूठ धरत नाहीत."

"आत्या, घरात पुरुष एकच आहे. त्यांची मूठ नाही धरली तर रोटच नाहीत!"

"म्हणूनच म्हणते, राहू दे."

त्या रडत होत्या, त्यांचं काही चुकलं नाही. पण माझं डोकंच फिरलं. नाव वगळायचं म्हणजे काय? जिवंत माणूस आहे, मैलभरावर आहे! मी सूप घेतलं, यांचं नाव घेतलं आणि मूठ भरली. वरची पाव मूठ घालायच्या घाईत गहू फरशीवर सांडले. ते वेचता वेचता देवीला म्हणाले, "तुला आणते आहे घरी. आता तू त्यांना आण. नाहीतर पुढच्या वर्षी तुझी वाट तुला, माझी मला." असं कोणी देवाला बोलतं का! पण बोलले मी.

सोमवारी दमणगंगेवर कानबाईला पोचवलं. शेजारणी पाया पडून गेल्या होत्या, पण रोटाला कोणी हात लावायचा प्रश्नच नव्हता. सव्वा मुठीचे ते, तळहाताएवढे छोटे छोटे रोट. मी एक खाल्ला. बाकीचे यांचे. मंगळवारी फडक्यात बांधून डब्यात घातले आणि जेलच्या फाटकावर जाऊन उभी राहिले. घरचं खाणं चालत नसेल हे कळत होतं मला, पण हे खाणं नव्हे, प्रसाद आहे, प्रसादाला कोण नाही म्हणेल, असं मनाने घेतलं होतं. खानदेशातल्या बाईशिवाय असला वेडेपणा कोणी केला नसता.

शिपाईबाईने झाकण उघडून पाहिलं. "बेन, बहारनुं खावानुं अंदर नहीं जाय."

"खाणं नाही हो, देवीचं आहे. यांच्या नावाचं आहे, यांनीच खायला हवं."

"बधा एम ज कहे छे," ती म्हणाली. सगळे असंच म्हणतात. तिने डबा नीट बंद करून माझ्या हातात दिला, आणि आतून निरोप येताच मान हलवून सांगितलं, आजही नाही.

फाटकासमोर लिंबाखाली एक बाकडं आहे. मी तिथे डबा मांडीवर घेऊन बसले. जीव असा टांगणीला लागला होता की रडूही येईना. पौर्णिमा तोंडावर आलेली. यांच्या वाटणीचे रोट मी खाल्ले तर काय होईल? नाही खाल्ले तर काय होईल? सासूबाईंचं ऐकलं असतं तर? डोक्यात नुसता गोंधळ.

तेवढ्यात एक म्हातारी भिंतीचा आधार घेत बाहेर आली. दुधनीची होती, धरणाकडची. दर मंगळवारी रांगेत दिसायची. तिचा मुलगा कसल्याशा मारामारीत आत होता. ती माझ्याशेजारी बसली म्हणण्यापेक्षा कोसळलीच. तोंड पांढरंफटक, हात गार. पहाटेची बस पकडायची म्हणून काही न खाता निघाली होती. रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती, मी उठायला गेले तर तिने माझं मनगट घट्ट धरलं. "बाय, नको जाऊस. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येते."

मांडीवर डबा. डब्यात रोट. कानबाईचे, परक्याला न देण्याचे.

मी खूप विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. झाकण निघालं, तुकडा मोडला गेला, तिच्या तोंडाशी धरला गेला. ती चावायला लागल्यावर मला घाम फुटला. अगं बाई, हे मी काय केलं! यांच्या नावाची मूठ मी परक्याच्या तोंडात घातली. मनातल्या मनात कान धरले, म्हटलं, माये, राग काढायचा तर माझ्यावर काढ, आत आहे त्याच्यावर नको.

म्हातारीने दोन रोट खाल्ले. तोंडावर रंग आला. मग हातातल्या तुकड्याकडे निरखून बघत म्हणाली, "असंच पोर्‍या सांगत होता आत्ता."

"काय सांगत होता?"

ती सांगू लागली आणि मी ऐकत गेले. तिचा मुलगा आत गेल्यापासून जेवतच नव्हता, म्हणून तिचा घास उतरत नव्हता. आणि आज काचेआडून तो हसला. म्हणाला, आये, मी जेवायला लागलो. त्याच्या बराकीत एक काका आहे, आतल्या स्वयंपाकात चपात्यांना मदत करायला जातो. रविवारी त्या काकाने पीठ मळायच्या आधी सगळ्यांना नाव विचारलं. एकेकाचं नाव घेत मूठभर पीठ परातीत टाकलं, वर आणखी जरासं टाकलं. कोणी विचारलं तर म्हणाला, आमच्या देवीचं आहे, ज्याची मूठ धरली त्याला खावंच लागतं. "पोर्‍या म्हणला, आये, माझं नाव घेतलं त्यानं. मग नाही कसं म्हणू?"

मला पुढचं काही ऐकू येईना. मी तिला पुन्हा पुन्हा विचारत होते, वर जरासं टाकलं? मूठ आणि वर जरासं? ती म्हणाली, "होय बाय, तेच सांगते ना." सव्वा मूठ! त्या अख्ख्या जेलमध्ये सव्वा मूठ मोजणारा दुसरा कोण असणार होता? मी डबा कुशीत घेऊन हमसाहमशी रडले आणि ती म्हातारी, जिला आत्ता चक्कर आली होती, तीच माझी पाठ चोळत बसली. डब्यात उरलेले रोट आम्ही दोघींनी तिथेच संपवले. निघताना तिला म्हटलं, "मावशी, पुढच्या वेळी तुमच्या मुलाला सांगा. त्या काकाला म्हणावं, घरचे रोट तुमच्या बाईने तुमच्या आईला दिले."

"माझ्या पोर्‍याच्या आईला," तिने हसून दुरुस्ती केली. मी म्हटलं, तेच ते. पण तिला पुढच्या वेळेपर्यंत थांबावं लागलं नाही. आतून ठरलेल्या नंबरावर फोन करू देतात, तसा मुलाचा फोन आला तेव्हाच तिने निरोप पोचवला.

पुढच्या मंगळवारी मी नाव सांगितलं आणि सवयीने बाकड्याकडे वळले, तर शिपाईबाईने हाक मारली. "बेन, आवो."

काचेपलीकडे हे बसले होते. दाढी वाढलेली, गालफडं आत गेलेली. एवढे मंगळवार पाठ केलेलं सगळं मी विसरले. यांनी फोन उचलला आणि आमच्या अहिराणीत पहिलं काय विचारलं असेल? "जेवनी का?" जेवलीस का! मला राग येऊ की हसू, कळेना.

"एवढे दिवस का नाही आलात?"

ते फोनच्या वायरीला पीळ घालत बसले. आधीच वेळ थोडा, मी काचेवर टिचकी मारली. मग म्हणाले, "त्या गेलेल्या पोराची आई आहे गं. तिला आता तो कधी भेटणार नाही. मी तुला कुठल्या तोंडाने भेटू? रोज ठरवायचो, नाही जायचं. मग बराकीतला हा पोरगा म्हणाला, तुमच्या घरचे रोट माझ्या आईने खाल्ले. एका आईने माझ्या वाटणीचं खाल्लं. मग मला बसवेना."

"कानबाई कोपेल का हो? परक्याला दिलं मी."

"मी तर सगळ्या बराकीला घातलं," ते म्हणाले. "आणि एक मूठ त्याचीही धरली. गेला त्याची. त्याच्या नावाचं मीच खाल्लं. घशाखाली उतरत नव्हतं, पण खाल्लं."

जाळी कोणी काढायला सांगितली, हे मी विचारणार होते. त्यांनी माझ्या डोळ्यांत तो प्रश्न पाहिला असावा. "कोर्टात सगळं खरं सांगणार आहे," एवढंच म्हणाले. "माझं जेवढं आहे तेवढंही." मी मान हलवली, आणि या वेळी कशाला हलवली ते मला ठाऊक होतं.

मग ते म्हणाले, "घरी कोणाकोणाची धरलीस?"

"तुमची. दुसरं आहे कोण?"

"आणि तुझी?"

"बायकांची कधी धरतात का?" मी म्हटलं. ते काहीतरी बोलायला गेले आणि फोन बंद झाला. वेळ संपली होती. ओठ हलताना दिसत होते, आवाज नाही. मी काचेवर हात आपटून खूण केली, ऐकू येत नाही! तेव्हा त्यांनी फोन ठेवला, हवेत मूठ भरली, परातीत रिकामी करावी तशी उघडली, वर चिमटीने आणखी जरासं घातलं. आणि बोट माझ्याकडे केलं.

जामीन अजून झालेला नाही. मी देवीला यांना घरी आण म्हटलं होतं, ते तिने केलेलं नाही, आणि का, ते मला कळत नाही. माझ्या हाताने नियम मोडला की तिनेच तो मोडून घेतला, हेही कळत नाही. आता मी तिच्याशी भांडत नाही. सकाळी दिवा लावते, समजत नाही ते तिच्या पायाशी ठेवते आणि कामाला लागते. दर मंगळवारी हे भेटायला येतात. दुधनीची मावशी आणि मी रांगेत एकमेकींची जागा धरून ठेवतो. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, तेव्हा बराकीत कोणाकोणाची मूठ धरली ते त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षी सूप मोठं घे." मी बाजारातून मोठं सूप आणलं आहे, यांच्या शर्टाशेजारी भिंतीला टांगून ठेवलं आहे.