महागूची पालथी थैली

दीपिकाची सोयरीक मी मोडली. तीही तिच्या बापाची स्तुती करून.

पोरगा तिरोडीचा. पाहुणे पोहे खाऊन खुशीत होते. पोरीचा बाप महागू दाराशी उभा राहून सगळ्यांच्या कपांकडे बघत होता. पोराच्या मामानं रीत म्हणून मला विचारलं, "सर, मानसं कशी हायेत?" शेजारचा रिटायर प्रोफेसर दोन शब्द बरे बोलेल, म्हणूनच मला खुर्ची दिली होती. "चांगली आहेत" एवढं पुरलं असतं. पण बालाघाटच्या कॉलेजात तीस वर्षं समाजशास्त्र शिकवलेल्या माणसाला दोन शब्द जमत नाहीत. त्याला अख्खा तास लागतो.

"मामाजी, महागूनं ती मोटर चोरलीच नव्हती!" मी गरजलो.

मामांनी कपबशी खाली ठेवली. "कोनती मोटर?"

मग काय, सगळं मीच सांगितलं. महागू लामता गावच्या एका राईस मिलमध्ये हमाल होता. पाण्याची मोटर गायब झाली आणि पोलिसांनी त्याला तीन दिवस बसवून ठेवलं. आठवड्यानं ती मोटर मालकाच्या साळ्याच्या विहिरीवर निवांत पाणी उपसताना सापडली. साळा साळाच राहिला. महागू मात्र कायमचा मोटरचोर झाला. शेवटी बायको-पोरगी घेऊन तो बालाघाटला आला आणि घरं रंगवू लागला. इथं कोणालाच काही माहीत नव्हतं.

मला माहीत होतं, कारण मी विचारलं होतं. कोणाच्याही घरचं काम संपलं की महागू अंगणात आपली थैली पालथी करी. ब्रश, जुना रंग खरवडायची पत्री, रिकामा डबा. "पाहून घ्या बाई." कोणी सांगितलेलं नसे. काहून करतोस, म्हटल्यावर त्यानं विश्वासानं सांगितलं, आणि मी ते थेट वर्गात नेलं. माणूस गुन्ह्यानं गुन्हेगार होत नाही, लोकांनी मारलेल्या शिक्क्यानं होतो, हे समजावायला याहून झकास उदाहरण मिळालं नव्हतं. पोरं कधी नव्हे ती जागी राहायची.

तिसऱ्या दिवशी तिरोडीहून फोन आला, "पोरगा आता लगन नाही म्हन्ते."

माझ्याच घराची एक भिंत राहिली होती. महागू आला, त्यानं ती रंगवली. दुपारी दीपिका डबा घेऊन आली. नर्सिंग शिकणारी, एरवी मला "सर, बीपीची गोळी घेतली का?" म्हणून दरडावणारी पोर. त्या दिवशी खाली मान घालून बसून राहिली.

निघताना महागूनं थैली पालथी केली. शेजारी दीपिकानं पर्स उघडून धरली. कंगवा, रुमाल, कॉलेजचं ओळखपत्र.

"पाहून घ्या, सर."

मला पाहवेना.

"महागू, मी उद्याच तिरोडीला जातो," मी म्हटलं. "मामांना नीट समजावून सांगतो."

तो ब्रश उचलून थैलीत भरत होता.

"नोका जाऊ सर, तुमी समजावलं का अजून चार गावाले मालूम होते."