तारेने आलेले पैसे

मी अक्षरं गिरवली ती संपाच्या पत्रकांवर. वडील बोईसरच्या एका कारखान्यात कामाला होते आणि संघटनेची पत्रकं तेच लिहीत. 'भिऊ नका' हे शब्द मी शाळेत जायच्या आधीपासून वाचत आले. ते वाचणं किती सोपं असतं, हे मला टाळेबंदीत कळलं.

मालकाने कारखान्याच्या फाटकाला कुलूप लावून बरेच आठवडे झाले होते. ठाण्याच्या कामगारांनी आमच्यासाठी मदत गोळा केली. पहिल्या खेपेला ती घेऊन येणाऱ्या माणसाला मालकाच्या गुंडांनी स्टेशनाबाहेर गाठलं, पैसे काढून घेतले आणि त्याचा हात मोडला. म्हणून पुढचे पैसे तारेने पाठवायचे ठरले: ठाण्याच्या खजिनदाराच्या खात्यातून बोईसरच्या बँकेत, माझ्या खात्यात. ते शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं. त्यावर कुणाची नजर जाणार नव्हती.

तार आली, पण तिच्यातला खातरजमेचा सांकेतिक आकडा जुळेना, म्हणून बँक पैसे जमा करेना. मी रोज रिकाम्या हाताने परतत होते. चाळीच्या तोंडाशी वडील, त्यांच्या पाळीतले चिंचणीचे काका आणि इतर कामगार बसलेले असत.

"आले का गं?"

"नाही, काका."

"तारेवर कावळे बसतात ना, त्यांनीच खाल्ले असतील."

सगळे हसले. मग त्यांच्यातलाच एक म्हणाला, "खातं हिच्या नावावर हाय ना? मग कावळा कोण ते बघा."

या वेळी कुणी हसलं नाही. वडील उठून घरात गेले. घरात तांदळाचा डबा खडखडत होता, आणि इतर घरांतही तेच होतं.

अखेर एका सकाळी कारकुनाने काउंटरपलीकडून माझं आडनाव पुकारलं आणि अख्ख्या बँकेला ऐकू जाईल असं सांगितलं, "ठाण्याची टी.टी. जमा झाली बरं का, तारेचे पैसे आले!"

दाराला टेकून उभा असलेला एक माणूस ताठ झाला. त्याला मी फाटकावर गुंडांसोबत पाहिलं होतं.

पैसे हातात घेतले तर ते त्या दारापर्यंतच माझे. मी बाकावर बसून राहिले. आमच्या वाण्याचं खातं याच बँकेत होतं. त्याने उधारी बंद केली होती, पण आधी पैसे मिळाले तर धान्य देईन म्हणाला होता. मी त्याच्या नावाने चेक लिहिला, भरला आणि शिक्क्याची स्लिप घेऊन बाहेर पडले.

नाल्याजवळ त्या माणसाने आणि आणखी एकाने सायकली आडव्या घातल्या. माझी पिशवी उपडी केली. तिच्यातली संघटनेची पत्रकं चिखलात पडली. त्याने स्लिप उचलून वाचली.

"सगळे वाण्याला?" त्याने ती नीट घडी करून माझ्या हातात ठेवली. "जा. दुकान माहीत हाय आमाला."

मारलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वाण्याला यातलं काय बोलू नको. आधी धान्य निघू दे."

"मग मालकात आणि आपल्यात फरक काय, काका?"

"पत्रकं खाऊन पोरांची पोटं भरत नाय, पोरी."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. काका बरोबर आले, आणि दुकानापर्यंत मी गप्प राहायचं ठरवत गेले. वाण्याने स्लिप पाहिली, खूश झाला, लगेच तांदळाचं पोतं सोडलं. तेव्हा मी सांगून टाकलं. काकांनी डोळे मिटले.

वाण्याच्या हातातलं माप तसंच राहिलं. "त्यांनी दुकानाचं नाव वाचलं?"

"वाचलं."

त्याने रस्त्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बायकांना पाठवा. मागच्या दाराने. एकदम येऊ नका."

तो पहिली पिशवी भरू लागला. निम्मे तांदूळ पिशवीबाहेर सांडत होते. मागच्या अंगणातून त्याची बायको मुलांना आत बोलावत होती. दोघं आली. धाकटा काही येईना, आणि तिचा आवाज चढत गेला.