दोघांनी हरायचा खेळ

पांडेसऱ्यातल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात तो डाइंग मिलमधून थेट यायचा. नखांत निळा रंग असायचा. नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या घरातला पहिला बी.कॉम. मी, हरणं मला जमायचं नाही.

एकदा आम्ही जोडीनं खेळत शेवटपर्यंत पोचलो. सगळे गुंड मेले, पण राजकन्या एकालाच मिळणार, म्हणून मशीननं आम्हालाच एकमेकांसमोर उभं केलं. त्यानं हात खिशात घातले.

“मार ना भाऊ, वेळ संपला तर दोघंही मरू!” मी ओरडलो.

“इतला लांब संगे उनूत, आते तुले मारू का? दोन्ही मरतस, हाऊच शेवट माले आवडस.”

एका बुक्कीत राजकन्या माझी होती. बोट बटणावर तसंच राहिलं. वेळ संपला, दोघे शेजारी शेजारी कोसळले. त्यानं हसत टाळी मागितली.

हरल्यावर टाळी द्यायची माझी ती पहिलीच वेळ.