शिवनेरीची दुसरी चढाई

आईला उंचीची भीती वाटायची. आमच्या बावडा गावाकडे सगळं रान सपाट. गच्चीवर वाळवण घालतानासुद्धा ती कठड्यापासून लांब राहायची. नव्वदनंतरची ती वर्षं. बारामतीच्या शाळेत माझी नोकरी कायम झाली, तेव्हा मी तिला विचारलं, "तुला कुठं न्यायचं, सांग."

"शिवनेरीवर," ती लगेच म्हणाली. "आन् तितनं जवळच लेण्याद्रीची बुद्धलेणी हायती. विहारातल्या बाया जाऊन आल्या."

"चढायचंय तिथं, आई."

"ठावं हाय मला."

शनिवारी पुण्यावरून एसटीने जुन्नरला उतरलो आणि तसेच गडाकडे निघालो. पहिल्या दरवाजापर्यंत आई बोलत होती, दुसऱ्यापाशी भिंतीला चिकटून चालू लागली. पुढे एका वळणावर तिने खाली पाहिलं. अख्खं जुन्नर पायाखाली दिसत होतं. ती मटकन पायरीवरच बसली. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. मी पाणी दिलं, हात धरला. पाऊल काही उचलेना. शेवटी आम्ही परत फिरलो. ती एकेक पायरी बसूनच उतरली. वर चाललेली कॉलेजची मुलं तिला बघून हसली. तिने ऐकलं आणि पदर सावरून पुढच्या पायरीवर सरकली.

लॉजवर मी म्हटलं, "उद्या तू खालीच बस. मी लेणी बघून येते आणि तुला सगळं सांगते."

"सांगाय विहारातल्या बाया हायेत की. मी बघाय आल्ये."

सकाळी लेण्याद्रीच्या पायथ्याशी तिने पदर खोचला, मला पुढे घातलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि नजर माझ्या टाचांवर लावली. "मागं बघू नगंस. चालत ऱ्हा." बाजूने माकडं उड्या मारत होती, एकाने कुणाच्या तरी हातातला नारळ पळवला, केवढा आरडाओरडा झाला. आईची मान वर झाली नाही.

वर पोचल्यावर लोक गणपतीच्या दर्शनाला जात होते. आम्ही शेजारच्या चैत्यगृहात वळलो. आत गारवा, दोन्हीकडे खांब, टोकाला स्तूप. आईने हात जोडले आणि त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. घरी ती नुसती पुटपुटायची. इथे आवाज मोकळा लागला, आणि तो दगडात घुमला तशी ती स्वतःच दचकली. मग आणखी मोठ्याने म्हणू लागली.

खाली आल्यावर मी पुण्याच्या गाडीची चौकशी करू लागले.

"गाडी ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "गडावर चल."

"उद्या शाळा आहे माझी!"

"आज जमतंय मला. घरी गेल्यावर परत भ्या बसंल."

मी चिडले होते, पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि रिक्षा बोलावली.

आदल्या दिवशीच्या वळणावर तिची नखं माझ्या खांद्यात रुतली. "थांबायचं का?" मी विचारलं.

"न्हाय. थांबलं की खाली बघावं वाटतं. चल तू."

वळण मागे पडलं. मग एकेक दरवाजा ओलांडत, धापा टाकत आम्ही माथ्यावर पोचलो. महाराजांचा जन्म झाला त्या दगडी इमारतीत आई पाळण्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, ती नमस्कार करून निघेल. तिने वाकून उंबऱ्याच्या दगडावर तळवा टेकला आणि म्हणाली, "पोटुशी बाई हितवर कशी चढली आसंल गं?"

आम्ही बाहेर कड्यापासून लांब, गवतावर बसून भाकरी खाल्ली. पुण्याची शेवटची गाडी चुकली, सोमवारी माझी रजा पडली. आई मात्र दोन भाकऱ्या खाऊन तिसरी मागत होती.