नोरकोबिलचा हिसका

कर्शी शहरातल्या कारखान्यात प्लास्टिकचा कागद काढायचं यंत्र नोरकोबिलच सुरू करी. साच्याच्या फटीतून दाबाने पिळून निघालेला वितळल्या प्लास्टिकचा रस बाहेर पडताच फुगायचा. हातमोज्यांत धरून तो त्याला सावकाश वर ओढी. एका चालीने ओढला तर पातळ होता होता चिवट होई, रेंगाळलं तर आपल्याच वजनाने लोंबे, हिसका दिला की तुटे. इतक्या वर्षांत त्याच्या हातून कधी तुटला नव्हता.

घरी मात्र हा हात कामी आला नाही. मुलगा झाफार रशियाला निघाला, तेव्हा आईने, ओयसुलूवने, रिवाजाप्रमाणे नान पुढे केला. एक घास चावून जायचं, उरलेला परतेपर्यंत भिंतीवर टांगायचा. तेवढ्यात पुढच्या पडलेल्या दाताच्या फटीतून थुंकी उडवत नोरकोबिल कडाडला, "जातोस तर परत तोंड दाखवू नकोस."

"बरं, बाबा," म्हणत झाफार न चावताच गेला.

संध्याकाळी ओयसुलूवला तोच नान खिळ्याला टांगलेला दिसला. त्यावर एक चावा होता, आणि चाव्याच्या मधोमध, पडलेल्या दाताच्या जागी, न तुटलेला तुकडा.

"पोराचे दात सगळे शाबूत आहेत हो," ती हळूच म्हणाली, आणि खिळा पक्का आहे ना, ते तिने हलवून पाहिलं.