सात कोटींचा भागाकार

जिंतूरहून परभणीला आईबरोबर परीक्षेला जाताना बसमधला शेजारचा माणूस माझ्या हॉलतिकिटात डोकावत होता. खिशाला तीन पेनं. रिफिल बहुधा एकातही नसावी. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा नंबर तो मोठ्याने वाचायचा आणि "बरा" किंवा "वाईट" असा शेरा मारायचा. माझा बैठक क्रमांक होता ७१४२०१९३. त्याने डोळे मिटले, ओठ हलवले आणि बोटांच्या पेरांवर सात कोटींचा भागाकार उरकला.

"मूळ संख्या हाय ताई," तो आईला म्हणाला. "कशानंच भाग जात न्हाई. असल्या आकड्याची पोरगी कुठंच टिकत न्हाई. पेपर देऊ नका."

आईचा चेहरा उतरला. "झरीला उतरू, परतीची गाडी मिळंल," म्हणत ती पिशवी आवरू लागली. माझा दोन वर्षांचा अभ्यास वाया जाणार होता. अनोळखी माणसाशी मला बोलता येत नाही. मी तिकिटामागे सगळ्या अंकांची बेरीज करून आईपुढे धरली.

तिने ती पुन्हा मोजली. "सत्तावीस. भाऊ, सत्तावीसला तिनानं भाग जातो, म्हंजे आख्ख्या आकड्यालाबी जातो की! शाळंत शिकवलं होतं आमाला."

तो जराही ओशाळला नाही. "तिनानं जातोय? मग तीनदा नापास होणार."

संख्या कोणतीही असती, तरी त्याचा निकाल हाच असता. त्याला गणिताची गरजच नव्हती.

"चौथ्यांदा होईल की पास," आई म्हणाली. झरीला बस थांबली, तेव्हा तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली होती.